मोटरीपर्यंत तांब्याऐवजी लोखंडी तार ओढली तर काय होतं?

यवतमाळकडच्या एका कास्तकार भाऊंनी विचारलं आहे : "डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) माझी विहीर हजार फूट लांब आहे. मोटर पाच एचपी, थ्री फेज. तांब्याची केबल दोनदा चोरीला गेली. कुंपणाच्या झटका मशीनसाठी आणलेली जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) घरी पडून आहे. गावातला एक जण म्हणतो, हीच ओढ. लोखंडाचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून करंट कमी जाईल, मोटर जळणार नाही अन् चोरही हात लावणार नाही. पोरगा दहावीत आहे. तो पुस्तकातलं सूत्र दाखवतो आणि म्हणतो, रेझिस्टन्स कमी केला तर उष्णता वाढते. मग वायरिंगला कमी रेझिस्टन्सचाच धातू कशाला वापरतात? अन् पोलवरच्या तारेत तर लोखंड असतंच ना?"

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो, कारण हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आहेत आणि तुम्ही उद्याच तार ओढायला घ्याल. जीआय तार मोटरीला लावू नका. मोटर एक तर फिरणारच नाही, आणि फिरली तरी जास्त दिवस टिकणार नाही. शिवाय वावरातून उघडी लोखंडी तार नेऊन तिच्यात चारशे व्होल्ट सोडायचे म्हणजे घरचा माणूस, सालदार, बैल, कुणाचाही जीव जाऊ शकतो. तुमची खरी अडचण अंतराची आणि चोरीची आहे. तिच्यावर मार्ग आहे, तो पुढे सांगतो. पण पोराच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं पाहिजे. मोटर भरायचं दुकान चालवताना मला हाच घोळ मोठ्या माणसांच्या डोक्यातही रोज दिसतो.

घोळ असा आहे. "रेझिस्टन्स जास्त तर करंट कमी" हे खरं आहे. "रेझिस्टन्स कमी तर उष्णता जास्त" हेही एका परिस्थितीत खरं आहे. पण ही दोन्ही वाक्यं वायर एकटी आहे असं समजून बोलली जातात. वायर कधीच एकटी नसते. तिच्या दुसऱ्या टोकाला बल्ब, शेगडी, मोटर काहीतरी जोडलेलं असतं. किती करंट वाहणार हे मुख्यतः ते टोकाचं यंत्र ठरवतं, वायरने तो फक्त पोचवायचा असतो. म्हणून विचारायचं ते एवढंच : ठरावीक करंट वायरमधून जाणारच आहे, तर तो जाताना वायर स्वतः किती खाते?

पोराला घेऊन बसा आणि हा हिशोब करून पाहा. घरातली हजार वॉटची कॉइलची शेगडी घ्या. २३० व्होल्टवर ती सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर करंट घेते, म्हणजे तिचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. बोर्डापासून शेगडीपर्यंत दहा मीटर अंतर आहे, वायर तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची. जायची दहा आणि यायची दहा, अशी वीस मीटर तार झाली. या जाडीच्या तांब्याचा रेझिस्टन्स भारतीय मानकाप्रमाणे किलोमीटरला जास्तीत जास्त १२.१ ओहम असतो, म्हणजे वीस मीटरला पाव ओहमही भरत नाही. शेगडीतून आणि वायरमधून करंट तोच जातो, कारण रस्ता एकच आहे. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. शेगडीत हजार वॉट, आणि वायरमध्ये साडेचार वॉटच्या आसपास, तेही वीस मीटरभर पसरलेले. म्हणून शेगडीची कॉइल लालबुंद होते आणि वायर हाताला कोमटही लागत नाही.

आता पोराचं सूत्र, व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. सूत्र बरोबर आहे, पण त्यात कुठलं व्होल्टेज घालायचं ते तो चुकतो. वायरच्या उष्णतेसाठी २३० घालायचे नाहीत. त्या वायरच्या दोन टोकांमध्ये जेवढा फरक पडतो तेवढंच व्होल्टेज घालायचं, आणि तो फरक जेमतेम एक व्होल्ट आहे. एकचा वर्ग भागिले पाव ओहम : उत्तर पुन्हा चार-साडेचार वॉटच येतं. दोन्ही सूत्रं एकच गोष्ट सांगतात.

तीच वायर जर शेगडीच्या कॉइलच्याच धातूची, नायक्रोमची, तेवढ्याच जाडीची असती तर? नायक्रोमचा रेझिस्टन्स तांब्याच्या साठ पटींहून जास्त असतो. वीस मीटर वायरचाच रेझिस्टन्स पंधरा ओहमच्या जवळ गेला असता. करंट कमी झाला असता, ही गावातल्या माणसाची गोष्ट खरी. पण शेगडी हजाराऐवजी सहाशे वॉटवर आली असती आणि भिंतीतली वायर १७० वॉटने तापत राहिली असती. म्हणजे चहाला उशीर, आणि केसिंगमधलं पीव्हीसी नरम पडायला सुरुवात. करंट कमी झाल्यामुळे फायदा कुणाचाच झाला नाही.

पोराचं सूत्र २३० व्होल्ट घालूनही खरं ठरतं अशी एकच वेळ असते : फेज आणि न्यूट्रल मधे काहीही न ठेवता एकमेकांना चिकटले तर. मग सगळं व्होल्टेज त्या पाव ओहमच्या तारेवरच येतं आणि शेकड्यांनी अँपिअर वाहायला लागतात. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. म्हणजे पोराने शोधलं ते खोटं नाही. कमी रेझिस्टन्सच्या वायरिंगची ती धोक्याची बाजू आहे, आणि तिच्यासाठीच फ्यूज आणि एमसीबी आहेत. फ्यूजची तार मुद्दाम इतकी बारीक ठेवतात की सगळ्या रस्त्यात तीच आधी वितळावी. वारंवार उडते म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या होल्डरमध्ये, वायरचे चार-पाच पदर पिळून घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्यानंतर वितळायची पाळी भिंतीतल्या वायरची किंवा मोटरीच्या वायंडिंगची येते.

तर इथपर्यंतचा मुद्दा असा की एकाच रस्त्यावरून तोच करंट जातो, जिथे रेझिस्टन्स जास्त तिथे उष्णता आणि व्होल्टेज दोन्ही खर्च होतात; आपल्याला तो खर्च यंत्रात हवा आहे, वायरमध्ये नको.

मोटरीची गोष्ट शेगडीपेक्षा वाईट आहे, आणि गावातल्या माणसाचा सल्ला जीवघेणा ठरतो तो इथेच. शेगडीला व्होल्टेज कमी मिळालं तर ती गपचूप कमी तापते. मोटर तसं करत नाही. पाण्याचा भार तिच्या डोक्यावर तसाच असतो. व्होल्टेज उतरलं की मोटरीची ओढ, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. व्होल्टेज ८० टक्के झालं तर ओढ ६४ टक्केच राहते. मग ती मंदावते आणि तोच भार उचलायला जास्त करंट खेचायला लागते. करंट वाढला की वायरमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. म्हणजे रेझिस्टन्स वाढवून करंट कमी करायला गेलात, आणि चालू मोटरीने उलट जास्तच करंट घेतला. उन्हाळ्यात लाइनच्या शेवटच्या पोलवरच्या मोटरी जळून येतात त्या बहुतेक याच कारणाने.

दुकानात जळकी मोटर उघडली की काय झालं ते वायंडिंगच सांगतं. एक फेज तुटून मोटर दोन फेजवर चालत राहिली असेल तर काही गुंडाळ्या कोळशासारख्या आणि काही अगदी नव्यासारख्या, तांबूस, वार्निश चमकत असलेल्या दिसतात. पण कमी व्होल्टेजवर किंवा जास्त भारावर रोज थोडी थोडी भाजत गेलेली मोटर गोल फिरून सगळीकडे सारखीच काळी असते, वार्निश बोटाने चोळलं तर भुकटी होऊन निघतं आणि स्लॉटमधला कागद कडक होऊन तुटतो. अशी मोटर आली की मी मोटरीआधी केबलबद्दल विचारतो : डीपीपासून किती लांब, कुठली वायर, किती जॉइंट.

आता तुमचे आकडे घालू. हजार फूट म्हणजे ३०० मीटर धरा. पाच एचपीच्या मोटरीच्या पाटीवर साधारण आठ अँपिअर असतात; तुमच्या पाटीवर काय आहे ते बघून घ्या, सबमर्सिबल असेल तर थोडे जास्त असतील. ४१५ व्होल्टच्या थ्री फेजमध्ये एका फेजच्या वाट्याला २४० व्होल्ट येतात.

तुमची चोरीला गेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल असं धरतो, कारण बहुतेक जण तीच टाकतात. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे ३०० मीटरला सव्वादोन. आठ अँपिअरला २४० पैकी सुमारे १८ व्होल्ट वायरमध्येच गेले, आणि तिन्ही तारांत मिळून सव्वाचारशे वॉट उष्णता वावरात सांडली. तांबं असूनही ही केबल या अंतराला बारीकच होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

झटका मशीनची जीआय तार अडीच मिलिमीटर व्यासाची धरू, म्हणजे पाच चौरस मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या तांब्याच्या दुप्पट जाड. तरीही लोखंडी तारेचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे आठ पट असल्याने ३०० मीटरला साडेआठ ओहमच्या आसपास होतील. लोखंड चुंबकीय असल्यामुळे आपला एसी करंट त्याच्या बाहेरच्या थरातूनच जास्त वाहतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून वरच जाईल. आठ अँपिअरला एका तारेत ६८ व्होल्ट पडतात. तिन्ही तारांत मिळून १६०० वॉट उष्णता होते. तुमचा पंप ३,७०० वॉटचा आहे आणि त्याच्या जवळजवळ निम्मी वीज धुऱ्यावरच्या तारा तापवण्यात जाणार.

आणि हे झालं मोटर चालू असतानाचं. सुरू होताना सहा पटींच्या आसपास करंट लागतो, म्हणजे ४५-५० अँपिअर. साडेआठ ओहममधून तेवढा करंट न्यायला चारशे व्होल्ट लागतील, आणि तुमच्याकडे एका फेजला आहेत २४०. त्यामुळे मोटरीला वीस-बावीस अँपिअरच्या वर मिळणार नाहीत. तेवढ्यात ती भाराखाली उठत नाही, जागच्या जागी घुमत राहते. उभ्या मोटरीच्या वायंडिंगमध्ये तेव्हा नेहमीच्या सात पट उष्णता तयार होत असते, आणि पंखाही फिरत नसतो. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले चांगला असेल तर वाचवेल. रिले कुणी डायरेक्ट करून ठेवला असेल तर काही मिनिटांत वास येईल.

मग झटका मशीनला जीआय तार कशी चालते? रानडुक्कर आणि रोह्यांसाठी आपण जी कुंपणं करतो, त्यात मशीन साधारण सेकंदाला एक असा अगदी क्षणभराचा झटका सोडतं. व्होल्टेज काही हजार, पण वेळ इतका कमी आणि करंट इतका थोडा की तारेच्या रेझिस्टन्सने फारसं काही बिघडत नाही. तिथे तार ताणली जावी, गंजू नये, जनावराने धडक दिली तरी तुटू नये, एवढं बघायचं असतं आणि त्यात लोखंड सरस आहे. अर्थिंगला जीआय तार आणि पट्टी वापरतात त्यालाही असंच कारण आहे : तिच्यातून रोज करंट वाहत नाही, आणि जमिनीत ती वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. म्हणून धातू चांगला की वाईट हे कामावरून ठरतं. (याच ओघात एक कळकळीने सांगतो : मशीन न लावता कुंपणाला थेट लाइन जोडणारे आपल्याकडे अजून आहेत. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. कुणी करत असेल तर थांबवा.)

पोलवरच्या तारेत लोखंड असतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ती अ‍ॅल्युमिनियमची तार असते, मधे पोलादाची एक तार आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या सहा. लाइनमन लोक तिला स्क्विरल, वीझल, रॅबिट अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखतात. पोलाद आहे ते दोन पोलांमधलं वजन आणि वाऱ्याचा ताण सोसायला. करंट जवळजवळ सगळा बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियममधून जातो.

मग कमी रेझिस्टन्सचे धातू तरी किती आहेत? फार नाहीत. सगळ्यात चांगली चांदी, पण तांब्यापेक्षा ती जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी सरस आहे आणि किमतीला कितीतरी पट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला तांबं कमी पडलं, तेव्हा ओक रिजच्या अणुप्रकल्पातल्या चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी त्यांनी सरकारी खजिन्यातली हजारो टन चांदी उसनी वापरली होती. एरवी कुणी चांदीचं वायरिंग करत नाही. मग तांबं. आपल्या गोंदियाला लागून बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, तरी देशाला लागणारं बरंचसं तांबं बाहेरून येतं, म्हणून ते महाग आणि म्हणूनच चोरांना प्रिय. त्यानंतर सोनं, आणि मग अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीचं अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या ६१ टक्के करंट वाहू देतं, पण वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणून तेवढ्याच रेझिस्टन्ससाठी अ‍ॅल्युमिनियमची तार जाड घ्यावी लागते, आणि तरीही ती निम्म्या वजनात बसते. मानकाच्या तक्त्यात बघा : चार चौरस मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम आणि अडीचचं तांबं, दोन्हींचा रेझिस्टन्स तोच ७.४१. दहाचं अ‍ॅल्युमिनियम आणि सहाचं तांबं, दोन्हींचा ३.०८. हा तक्ता तुमच्या खिशात असता तर दुकानदाराने तुम्हाला अडीचची केबल विकली नसती.

या धातूंमध्ये रेझिस्टन्स कमी का, हे पोराला थोडक्यात सांगायचं तर त्यांच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन धातूभर मोकळे फिरतात आणि अणूंची मांडणी शुद्ध आणि एकसारखी असली तर त्यांना वाटेत धडका कमी बसतात. त्यात दुसरा धातू मिसळला की मांडणी बिघडते आणि धडका वाढतात. नायक्रोम हे निकेल आणि क्रोमियमचं मिश्रण मुद्दाम असं केलेलं असतं. भंगार वितळवून केलेल्या स्वस्त तांब्याच्या वायरीत हीच गोष्ट नको तिथे होते. तापल्यावरही धडका वाढतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. तक्त्यातले आकडे २० अंशांचे आहेत. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ आणि टिनाखालची वायर ६५ ला गेली तर रेझिस्टन्स सतरा-अठरा टक्के जास्त धरा. विदर्भात वायर निवडताना मी म्हणूनच एक नंबर वरची घ्यायला सांगतो.

लांब अंतरावर वीज न्यायला जाड तारेशिवाय दुसरी युक्ती म्हणजे व्होल्टेज वाढवून करंटच कमी करायचा. चंद्रपूरची वीज मुंबईजवळ पडघ्याला नेणारी लाइन साडेसातशे किलोमीटर आहे. ती १९९९ साली सुरू झाली, अधिक-उणे पाच लाख व्होल्टची डीसी लाइन आहे आणि १,५०० मेगावॉट नेते. त्या व्होल्टेजला करंट होतो फक्त दीड हजार अँपिअर. तेवढीच वीज ४१५ व्होल्टने न्यायची म्हटली तर वीस लाख अँपिअर लागले असते. तेवढं अ‍ॅल्युमिनियम कुणी लटकवू शकलं नसतं. अलीकडे शेतात एक-दोन पंपांसाठी छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवून ११ हजार व्होल्टची लाइन वावराजवळ आणतात, त्यामागे हाच हिशोब आहे. तुम्हाला तसं कनेक्शन मिळण्यासारखं असेल तर हजार फुटांचा प्रश्नच मिटतो. लाइन कधी येईल ते मात्र तुमच्या-माझ्या हातात नाही.

आता तुम्ही काय टाकावं. अंतर आणि मोटर तुम्ही सांगितली तशीच असेल तर दहा चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल टाका. ३०० मीटरला तिचा रेझिस्टन्स ०.९२ ओहम, एका फेजला सात-साडेसात व्होल्ट जातील, म्हणजे तीन टक्के, आणि तिन्ही तारांत मिळून उष्णता पावणेदोनशे वॉट. परवडत असेल तर सोळाची टाका, ती आणखी चांगली. पुढे साडेसात एचपीची मोटर बसवायचा विचार असेल तर सोळाचीच घ्या. केबल अडीच फूट खोल पुरा, खाली-वर वाळू किंवा भुसभुशीत माती, आणि वर विटा किंवा फरशीचे तुकडे, म्हणजे नांगर आणि रोटाव्हेटर लागणार नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून केबल ताणून टाकू नका, थोडी नागमोडी सोडा. पुरलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल चोरायला अवघड आणि भंगारात विकायला कमी किमतीची. जागलीला जावं लागणार नाही असं मी म्हणत नाही, पण चोर तांब्याकडे जसा येतो तसा हिच्याकडे येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची एकच जागा नाजूक, ती म्हणजे जॉइंट. त्याच्यावर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर करंट अडवतो. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि जॉइंट ढिला होतो. तांब्याला थेट पिळून जोडलं आणि ओल लागली की ते कुजतं. म्हणून स्टार्टरच्या टोकाला तांबं-अ‍ॅल्युमिनियम दोन्हींसाठीचा बायमेटल लग क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्या, तारेला ब्रशने घासून वर जॉइंटचं ग्रीस लावा आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर वायरमनकडून लाइन बंद करून स्क्रू आवळून घ्या. हजार फुटांची केबल चांगली असूनही एका ढिल्या जॉइंटने स्टार्टरचा बॉक्स जळालेला मी पुष्कळदा पाहिला आहे, कारण सगळा करंट त्या एका टिकलीएवढ्या जागेतून जातो. मधे जॉइंट घालूच नका, एक अखंड ड्रम घ्या. विहिरीत किंवा बोरमध्ये उतरणारी शेवटची केबल मात्र तांब्याचीच हवी.

खरेदीत फसू नका. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर तांब्याच्या नावाने विकली जाते. एक पदर चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. घरातल्या पीव्हीसी वायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा क्रमांक असतो, तो बघा. बंडल हातात घेऊन वजन बघायची सवय ठेवा.

बिलाबद्दल. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना सध्या मोफत वीज योजना आहे, त्यामुळे वायरमध्ये वीज वाया गेली तर माझं काय गेलं, असं काही जण विचारतात. तुमचं पाणी गेलं. कमी व्होल्टेजवर पंप कमी पाणी फेकतो, आणि आठ तासांच्या लाइनमध्ये जेवढं वावर भिजायला हवं तेवढं भिजत नाही. एक वायंडिंग भरायचा खर्च आणि ते भरून येईपर्यंत उन्हात वाळणारी पऱ्हाटी, हे बिलात दिसत नाही.

एक गोष्ट मात्र केबल टाकण्याआधी तपासून घ्या, कारण सगळा दोष केबलचाच असेल असं नाही. वायरमनला मोटर चालू असताना डीपीकडच्या टोकाला आणि स्टार्टरवर, दोन्ही ठिकाणी तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. डीपीकडेच ३४० येत असेल तर डीपीवर भार जास्त आहे. तुम्ही कितीही जाड केबल टाकली तरी ते भरून निघणार नाही, आणि त्यासाठी सगळ्या कास्तकारांनी मिळून भारवाढीचा अर्ज करावा लागेल. डीपीकडे ४१० आणि स्टार्टरवर ३७० असेल तर ते ४० व्होल्ट तुमच्या वायरने खाल्ले. स्टार्टरजवळ दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर लाइनमधला करंट थोडा उतरतो, पण डीपीचं दुखणं त्यानेही जात नाही.

तुमच्या मोटरीच्या पाटीवरचे अँपिअर, मोजलेलं अंतर आणि ही दोन्ही ठिकाणची व्होल्टेजं मला कळवा. ती बघून दहाची पुरेल की सोळाचीच घ्यावी लागेल ते नक्की सांगतो. तोवर जीआय तार कुंपणालाच राहू द्या.